आकडा मोठा, तिथं पाणी वर

चि. सौ. विजूस लालादादाचा आशीर्वाद. तू, दाजी आन म्हशी समदी खुशाल असाल. तुझा गुडघा कसा हाय? माझा बरा हाय, डोकं तेवढं ठिकाणावर न्हाई. (फोनच केला असता, पण दाजी स्पीकर लावून ऐकत्यात. म्हणून ज्ञानूच्या जीपमधनं चिठ्ठी धाडतोय. एकटीच वाच.)

झालं असं, की गावची बोअर कुठं मारायची ते ठरवायचं हुतं. जागा चुकली तर उन्हाळाभर टँकरची वाट बघायची. म्हणून पाण्याचा नकाशा वाचायला शिकवायला भूजल खात्याच्या वल्लरी मॅडम आल्या. शाळेच्या भिंतीवर निळे-तांबडे पट्टे, वाकड्या रेघा आन आकडे. म्हणाल्या, आधी काय दिसतंय ते सांगा. धुळा मेंढक्या म्हणाला, कातडं वाळत घातलंय. मला राहवंना. पलटणीत जल्म नकाशे वाचण्यात गेला गं माझा! (हवालदार काय उगंच झालो?) उठून सांगितलं, आकडा मोठा तिथं टेकडी उंच, तवा पाण्याच्या नकाशात आकडा मोठा तिथं पाणी वर. मॅडम काय तरी बोलणार, तवर लाईट गेली आन त्यांची एस्टी आली. लोक म्हणाले, हवालदार, म्होरलं तुमीच शिकवा. शिकवलं. सरपंचाच्या म्हातारीलासुदिक पाठ झालं.

मशीन लावलं ते सगळ्यात मोठ्या आकड्यावर, शाळेमागं. अगं, जरा खाली जातंय न जातंय तोच ह्यो फवारा! लोकांनी मला गुलालानं माखलं. सांजच्याला मॅडमचा फोन : काका, आकडा म्हंजे पाणी किती खोल ते, मोठा आकडा सोडून द्या. मी म्हटलं, मग हे पाणी काय आभाळातनं आलं? चुकलं कोण, मला अजून उमगंना. त्यात त्या दिसापास्नं गावातले नळ कोरडे. तुझी वहिनी माझ्याकडं लय बघती. मी म्हटलं, नळाचं खातं निराळं.

आता आजूबाजूची गावं नकाशे घेऊन दारात येत्यात. मी मिशीवर हात फिरवतो आन उद्या या म्हणून वाटेला लावतो गं.

तुझा दादा,
लालासाहेब

ता.क. : दाजींनी तुमच्या रानाचा नकाशा दाखवला, तवाबी मी मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांनी सोमवारी मशीन सांगितलंय म्हणं. समदी डाळिंबं त्या पाण्यावर जगायची हायत. काय बी कर, मशीन थांबव. माझं नाव काढू नगंस.

ता.क. दुसरा : मशीन आधीच लागलं असंल आन पाणी उडालं असंल, तर दाजींना गुलाल लावायच्या आधी घरातला नळ सोडून बघ.