काकूंची प्रगती उत्तम

१ तारीख, सोमवार
नोकरी पक्की झाली. घरपोच रुग्णसेवा देणाऱ्या कंपनीच्या हेडबाईंनी सकाळी साडेनऊला स्वतः फोन करून सांगितलं आणि दुपारी मी बॅग घेऊन हजर. निळे दोन डगले मिळाले. एक बेताचा, दुसऱ्यात मी आणि माझी बहीण दोघी मावू. राहायला रुग्णाशेजारचीच खोली, खिडकी मोठी, ऊन भरपूर. रुग्ण म्हणजे काकू, वय सत्तर. झटक्यानं उजवी बाजू आणि वाचा गेलेली. उजवी मूठ घट्ट मिटलेली, टाचेला बटणाएवढी जखम. नजर मात्र लख्ख. सून म्हणाली, वर्षभरात तीन जणी आल्या नि गेल्या, कुणी टिकत नाही. म्हटलं, मी चिकट आहे, खरवडल्याशिवाय निघत नाही. ती हसली. काकूही हसल्या, अर्ध्या तोंडानं.

५ तारीख
दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, बोटांना व्यायाम द्यायचा, शब्द म्हणून दाखवायचे. काम मला आवडतं. कंपनीबद्दल तसं म्हणवत नाही. हातमोज्यांची पेटी मागून चार दिवस झाले. हेडबाई म्हणतात, निघालीय. पायी येत असावी. माझी हजेरी मात्र फोनवर एक मिनिट उशिरा लागली की मेसेज हजर.

११ तारीख
टाच भरली. कोवळी गुलाबी कातडी आलीय. डॉक्टर दोनदा वाकून बघत राहिले, म्हणाले, इतक्या लवकर भरायला नको होती. हेडबाईंनी फोटो सगळ्या मुलींच्या ग्रुपवर टाकला, खाली 'प्रगती उत्तम'. या कामात पाठीवर थाप क्वचित पडते. अशी एक टाच महिनाभर पुरते.

१४ तारीख
माझ्या टाचेला जखम. बूट चावले म्हणावं तर घरात मी अनवाणी असते. बटणाएवढी.

१७ तारीख
काकूंची मूठ उघडली. चमचा धरला त्यांनी. त्यांच्या मुलाच्या डोळ्यांना धार लागली. मलाही भरून आलं. संध्याकाळी माझी उजवी बोटं मिटली, ती मिटलीच. हे डाव्या हातानं लिहितेय. कोंबडीचे पाय बरे.

१८ तारीख
सुनेला आधीच्या तिघींचं विचारलं. तिनं कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. काकूंना दिसत नव्हतं. पहिली आली आणि दिसायला लागलं. ती आता काठीनं चाचपत चालते. दुसरीला घास गिळत नाही. तिसरी उठून बसू शकत नाही. वर सून मलाच म्हणाली,
"मग आमच्या आईंनी काय करावं, ताई? पडूनच राहावं?"
हेडबाईंना फोन केला. थकलीयस बाळा, म्हणाल्या, रजा घे, बदली मुलगी पाठवते. बदली पाठवायची नाही, म्हटलं. मी हलणार नाही. मी गेले की दुसरी बळी पडणार. तिच्याआधी माझ्याशी गाठ आहे.

२० तारीख
व्यायाम बंद. शब्द बंद. काकूंना हातही लावत नाही. पण त्या आता आपापल्या शिकतात. सकाळी पलंगावरून एक शब्द म्हणाल्या, स्वच्छ. तेव्हापासून तो माझ्याकडे नाही. ग्लासात असतं ते. पितात ते. सुनेकडे मागायला गेले — नुसतं बोट दाखवलं.

२१ तारीख
आज अकरा शब्द गेले. बहिणीचं नाव गेलं. मागची पानं उघडून पाहिली — तिथं सगळे आहेत. काही मला कळत नाहीत, पण आहेत. जागेवर.
म्हणजे तोंडातलं जातं, कागदावरचं जात नाही. घ्या काकू, किती घ्यायचं ते घ्या. ही वही नाही मिळायची.

२२ तारीख
काकू पहिलं अख्खं वाक्य बोलल्या. मायेनं.
"घरी जा आता, पोरी. पाय तेवढा राहिलाय, त्याला उद्या दुसरी येतेय."
हेडबाईंनी पाठवलीच. मी मान हलवली. नाही. हलवत राहिले.

२३ — सकाळ
सात चाळीस. घराच्या दाराला पाठ लावून बसलेय. सून ओढते — बाजूला हो म्हणते. होत नाही.
आतून त्या बोलतायत. थांबत — एकामागून एक — जातायत —
आठला ती मुलगी. निळं — अंगात घालतात ते. बेल. दार मी उघडणार, मीच. आधी वही — तिच्या हातात. वाच म्हणून — बोटानं. आणि तिला सांगायचं, आत पाऊल ठेवू —