साहितीला सगळं येतं

१६ जून, सोमवार

आज शाळा सुरू झाली आणि माझी नोकरीही. चिक्कडपल्लीच्या मार्केटमागच्या गल्लीतली दुमजली बालवाडी. कोठीतल्या आमच्या घरून एकाच बसने जाता येतं, त्यामुळे बाबा खूश. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा, दोघंच. मराठी लिहायची सवय राहावी म्हणून ही वही त्यांनीच आणून दिली. इथे तेलुगू मुलखात वाढलेल्या आमच्या पिढीला धड मराठी वाचता येत नाही, यावर बाबा, म्हणजे आमचे मुकुंदराव, तासभर बोलू शकतात.

वर्ग मला फार आवडला. बुटकी टेबलं, वाळूचा ट्रे, मणी, लाकडी ठोकळे. मुलं तीन-चार वर्षांची, तेलुगू-हिंदी-इंग्रजी एकाच वाक्यात बोलणारी. साहिती नावाची टपोऱ्या डोळ्यांची मुलगी दिवसभर माझ्या ओढणीला धरून होती. मुख्याध्यापिका इंदुताई म्हणाल्या, ही मुलं फार चटकन शिकतात, म्हणून प्रवेशासाठी एवढी गर्दी असते. खिडकीजवळच्या खुर्चीत पांढऱ्या केसांच्या कुसुमताई बसून असतात. शाळेची आयम्मा (आया) त्यांना दुपारी वरणभात भरवते. इंदुताईंच्या कुणी नात्यातल्या असाव्यात.

१८ जून, बुधवार

रंगांचा दिवस. जास्वंद, टोमॅटो आणि फुगा दाखवून लाल शिकवला. एकदाच सांगितलं, तर मुलांनी खोलीतलं जे जे लाल होतं ते वेचून माझ्यापुढे ढीग केला. मग हिरवा, मग पिवळा. मला कौतुक आवरेना.

परत येताना नारायणगुड्याच्या चौकात सिग्नलकडे बघत उभी राहिले. दिवे दिसत होते, पण थांबायचा कोणता ते उमजेना. तशीच निघाले. ऑटोवाल्याने अगदी पायाशी ब्रेक मारला आणि काय काय बोलला. बाबा म्हणाले, नवीन काम आहे, दमली असशील.

२० जून, शुक्रवार

वास ओळखायचा खेळ. डोळे बांधून कॉफी, पुदिना, कापूर. साहितीने सगळे ओळखले, वर आयम्माच्या हाताला फिनाईलचा वास येतो हेही सांगितलं.

संध्याकाळी दूध उतू जाऊन गॅस विझला. मी शेजारीच भाजी चिरत होते. बाबा बाहेरून धावत आले, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि माझ्याकडे बघत राहिले. मला कसलाच वास आला नव्हता. कोठीतल्या डॉक्टरांनी तपासलं. नाकात काही दोष नाही म्हणाले.

२३ जून, सोमवार

कॉफीला वास नाही. साडी कोणत्या रंगाची नेसले ते बाबांना विचारावं लागलं. इंदुताईंना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. उलट कुसुमताईंकडे बोट केलं.

“माधवी, तुझ्याआधी या वर्गावर तीच होती. तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे.”

मी म्हटलं, यांना काय झालं?

“शिकवलं तिने. मुलांकडे जातं ते परत येत नाही. आणि तू नाही शिकवलंस तरी ती नुसतं बघूनही घेतात.”

बोलता बोलता त्या भिंतीवर मुलांच्या घरचे फोटो चिकटवत होत्या. ‘माझं कुटुंब’. पहिल्या दिवशी आमचाही मागून घेतला होता, मी आणि बाबा.

२४ जून, मंगळवार

काही शिकवलं नाही. गप्प बसले. मुलंही समोर मांडी घालून गप्प बसली, टक लावून. केस सुटले म्हणून मी नकळत वेणी घातली. साहितीने बाहुली उचलली आणि तिची तशीच वेणी घातली.

आत्ता केस हातात धरून बसले होते. पुढे काय करायचं ते — बाबांनी घातली. त्यांना नीट जमली नाही.

२५ जून

गेले नाही. घरीच. आता जाणारच नाही.

२६ जून

सकाळी स्वयंपाकघरात एक म्हातारे गृहस्थ कॉफी करत होते. मी किंचाळले. बाबांना हाका मारल्या.

ते म्हणाले, “बेटा, मीच आहे.”

वहीत वाचून पटतं. चेहरा बघून पटत नाही. घरी राहिले, तरी — तो फोटो. मुलं तो फोटो बघत असतील.

२७ जून

फोटो काढून आणायला गेले. ते गृहस्थ सोबत आले. (बाबा. असंच लिहायचं.) गेटातून साहिती धावत आली, त्यांच्या पायांना मिठी मारली आणि “तातय्या” म्हणाली. आजोबा. त्यांनी तिला सोडवलं आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले.

फोटो फाडला. काही परत आलं नाही.

उद्याची नांदेडची तिकिटं आहेत, आत्याकडे. पण ही भीती — रात्रंदिवस — सहन होत नाही. वर्गात चेहऱ्यांची चित्रं मांडलेली होती, हसरा, रडका. साहितीने घाबरलेल्या चेहऱ्याचं उचललं, म्हणाली, टीचर, हा असा का करतो? मी सांगितलं. मुद्दाम सांगितलं. भीती म्हणजे काय ते नीट समजावलं.

हे तरी जाऊ दे.

२८ जून

गेली. बरं वाटतं.

ते गृहस्थ बॅग घेऊन दारात. नामपल्ली स्टेशनला जाऊ, गाडी आहे, म्हणाले. कशाला? मला शाळा आहे. माझा हात धरून रडले. “नक्को जाऊ गं.” मी हात सोडवून घेतला.

मुलं मला बघून टेबलांखाली लपली. साहिती किंचाळत होती. कुसुमताई तेवढ्या हसल्या.

माझी खुर्ची आता त्यांच्याजवळ.

३० जून

वर्गातच लिहिते आहे. आज अक्षरं. इंदुताई म्हणाल्या, एकाच गोलातून निघणारी घे — क, व, ब.

पहिलं झालं. मुलांचे हात भराभर चालले. ते मला आता येत नाही, तिथे रेघ ओढते.

गेटाशी म्हातारे गृहस्थ उभे. नाव घेऊन बोलावतात. नाव माझं असावं. —ळत नाही.

दुसरंही दिलं.

बाबा हा शब्द अजून लिहिता येतो. अर्थ ठाऊ— नाही. पाटी घेऊन साहिती समोर आली, तिसरं मागते. तोपर्यंत लिहिते.

बाबा. बाबा. बाबा. बा