बोमाईचं नाव पुकारलं तेव्हा

पोर्ट मोर्स्बी

प्रिय आई,

डोंगर चढताना गुडघा दुखत नाही ना? लाल डुकरिणीला पिल्लं झाली का? मी मजेत आहे. रताळी इथेही मिळतात, पण मेली पिठूळ, आपल्याकडची गोडी नाही.

मला मतदार याद्यांच्या कचेरीत काम मिळालंय. मेलेल्यांची मतं कोण टाकतं म्हणून रेडिओवर रोज भांडणं चालतात ना, त्याच याद्या. मेलेल्यांच्या नावांवर आम्ही लाल रेघ मारतो.

काल आपल्या गावाची यादी आली. बोमाईला नदीने नेऊन सहा वर्षं झाली, आणि गेल्या वर्षी त्याने मत दिल्याची खूण आहे! माझा भाऊ ओल्या अंगाने माझ्या पाठीमागे उभा आहे, असंच दिवसभर वाटत राहिलं.

शेवटी मतदानाला नावं पुकारणाऱ्या केरेंगाकाकांना फोन केला. म्हणाले, "अगं, त्याचं नाव घेतलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात तुझी आई म्हणाली, 'आहे!' मी काय तिला चारचौघांत खोटं पाडू? मग उमेदवाराच्या माणसांनी त्याची मतपत्रिका उचलून मत टाकलं."

आई, मी रागावले नाही. पण साहेब घाई करताहेत, आणि एकदा रेघ मारली की गावात त्याचं नाव पुन्हा कुणी पुकारणार नाही. म्हणून एवढंच कळव. तू सवयीने 'आहे' म्हणालीस, की तो तुला तिथे खरंच दिसला?

लाल पेन हातात धरून बसलेली,
तुझी आग्नेस