आईचं अर्धं वाक्य

प्रिय बाळ,

सोमवारी सकाळी मी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडले नाहीत. त्याच्याच साक्षीनं तुझ्या आईला दिलेला शब्द मोडायला निघालो होतो, मग कोणत्या तोंडानं जोडणार? तिच्या औषधांच्या खोक्यातली एक छोटी बाटली काढली, आतल्या खिशात घातली आणि कामावर गेलो.

तू घर सोडलंस त्यानंतर कारखान्यात मला चाचणीच्या खोलीत घेतलं. आमच्याकडे मक्याच्या पिठापासून नखाएवढे पातळ तुकडे बनतात. त्यांत आवाज, आकडे, हवं ते साठवता येतं आणि काम संपलं की तुकडा माती-पाण्यात विरून जातो, मागे कचरा राहत नाही. मी ते ओलीत ठेवून कुठवर तग धरतात ते बघतो. तुकडा वरून धडधाकट दिसतो, आतलं आधी जातं. त्याला आम्ही ‘विसरला’ म्हणतो. एकदा फोनवर मी ‘सातवा विसरला, आठवा निम्मा विसरलाय’ असं सांगत होतो, तर तुझी आई आतून ओरडली, ‘अहो, म्हाताऱ्यांची शाळा काढलीत की काय?’ त्यानंतर ती हसल्याचं मला आठवत नाही.

घशाच्या ऑपरेशनआधी तिनं असा एक तुकडा मागितला. फोनवर बोलून ठेव म्हटलं, तर म्हणाली, फोनमधलं मरत नाही. दार लावून तुझ्यासाठी काहीतरी बोलली आणि तुकडा औषधाच्या रिकाम्या बाटलीत बंद केला. मग मला बजावलं, ‘कार्टी आपल्या पायांनी आली तर ऐकवा. नाही आली तर विसरू दे त्याला. मी पदर पसरणार नाही.’ मी ऐकायचं नाही, नक्कल करायची नाही, तुला कळवायचंही नाही, असा देवापुढे शब्द घेतला. ऑपरेशनमध्ये आवाज गेला आणि काही आठवड्यांत तीही. ती गेली त्या दिवशी तू फाटकापर्यंत येऊन माघारी फिरलीस, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. मला तुझा राग आला नाही. सगळे तिला ‘बरी होशील’ म्हणत होते, तू नर्स, तू एकटीनं खरं सांगितलंस. त्यावर ‘माझ्या मरणावर टपलीस’ म्हणून तिनं तुला हाकललं होतं. माघारी न फिरून करणार काय?

रविवारी बाटली उघडली तर तुकड्याच्या कडा पांढुरक्या झालेल्या. आपल्या भिंतींना ओल आहे, ती बाटलीतही शिरली. म्हणून सोमवारी तो यंत्राला लावला. आधी खोकला. मग तिचा आवाज, ‘पोरी, तू त्या दिवशी बोललीस ना, ते मला फार...’ आणि पुढे नुसती खरखर. अगदी शेवटी, ‘एवढंच.’ शेजारचा सहकारी म्हणाला, ‘काका, हा विसरलाय. फेकू?’ मी त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

आपल्या भाषेत सगळा जीव शेवटच्या शब्दात. फार लागलं, की फार पटलं? ती दोन्ही म्हणू शकली असती. ‘पटलं’ असं लिहून मी तुला एक पत्रही तयार केलं होतं. तू लगेच आली असतीस, आणि खोटं कुणाला कळणार होतं? ते फाडलं.

तुकडा रोज ऐकत होतो. आज सकाळी त्या खरखरीत मला स्पष्ट ‘प’ ऐकू आला. यंत्रावर आवाजाची रेघ बघितली, तिथं काहीच नव्हतं. आणखी चार दिवसांनी पूर्ण शब्द ऐकू आला असता, आणि तो मी शपथेवर तुला लिहिला असता. तू कुणाला खोटा धीर दिला नाहीस, तुला तो मी द्यायचा? म्हणून जेवढं खरं उरलं होतं तेवढं वर लिहिलं. त्यापुढचं मला माहीत नाही, आणि उद्या मी काही वेगळं सांगू लागलो तर मानू नकोस. पत्र लिहायला बसण्याआधी वाटीत कोमट पाणी घेतलं, तुकडा त्यात सोडला आणि बोटानं हलवत राहिलो, बोटाला काही लागेनासं होईपर्यंत.

तुझाच,
बाबा