जिथे झोपते, तिथली शाळा

टॅकेट फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
मे महिन्यातला रविवार

प्रिय मार्ला,

अक्षर नेवाआत्याचं आहे, शब्द माझे. माझ्या हातचं लिखाण कसं असतं ते तुला माहीत आहे. लग्नाआधीची माझी चिठ्ठी तू आरशासमोर धरून वाचलीस आणि वर्षभर गावाला सांगत फिरलीस. आत्या नाकात ऑक्सिजनची नळी घालून समोर बसली आहे आणि बजावते आहे की पाल्हाळ लावू नकोस, माझा हात दुखतो. मी पाल्हाळ लावणारच, कारण मुद्द्यावर यायचा धीर होत नाहीये.

इकडे सगळं ठीक. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, ओसरलं. शाळेची बस अजून मीच चालवतो आणि आयव्ही अजून माझ्या मागच्याच सीटवर बसते. बसमध्ये मी तिचा बाप नसतो, मिस्टर डॉयल असतो. नियम तिनेच केलाय. उतरल्यावर मात्र विसरते आणि सगळ्यांसमोर बाबा, बाबा करत राहिलेला कोट मागायला परत येते.

तुला तिच्या वाचनाबद्दल सांगायचंय. मध्यंतरी ती आत्याला अस्वलाची गोष्ट वाचून दाखवत होती, अगदी आवाज बदलून, हातवारे करून. मी भांडी घासत ऐकत होतो. तिच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली, पण गोष्ट तुटली नाही. जे पान तिने पाहिलंच नव्हतं, तेही तिने वाचलं. आत्या खूश होऊन टाळ्या वाजवत होती आणि माझ्या हातातला कप सिंकमध्ये पडून फुटला. मीही असाच वाचायचो, मार्ला. आपली पोर आठ वर्षांची झाली आणि तिला एक ओळ वाचता येत नाही. सगळं पाठ आहे तिला.

तेव्हापासून मी काउंटीतल्या शाळा पारखत हिंडतोय. मुलांचे संघ सामन्यांना नेतोच मी. सामना संपेपर्यंत बाकीचे ड्रायव्हर डुलक्या काढतात, मी व्हरांड्यातून फिरतो. पेपरात दरवर्षी शाळांची क्रमवारी येते आणि त्यात आपली शाळा तळाला असते म्हणून मी पेपरवाल्यांना किती शिव्या घातल्यात, तू ऐकल्या आहेस. आपल्या शाळेत काय कमी आहे? बर्फ पडला की हॅचरबाई मुख्याध्यापक असून स्वतः गाडीच्या चाकांना साखळ्या लावून मुलांना आणायला निघतात. स्वयंपाकघरातली डेसा आयव्हीसाठी मक्याच्या ब्रेडचा कडेचा कुरकुरीत तुकडा राखून ठेवते. आयव्हीला तिथे कुणी हसत नाही. ती अडखळायच्या आतच कुणीतरी तिला शब्द सांगून टाकतं. हेच मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. वाचन शिकवणाऱ्या बाई पंधरा दिवसांतून एकदा येतात, तेही रस्ता चालू असला तर. डोंगरापलीकडच्या शाळेलाही त्याच बाई वाटून दिल्यात.

आणि तू राहतेस त्या हार्लोची ती शाळा. मला आवडली नाही, आधीच सांगतो. फरशीच्या पॉलिशचा वास, आणि कचेरीच्या खिडकीशी ताटकळत उभा राहिलो तरी कुणी नाव विचारलं नाही. पण एका छोट्या खोलीत चार मुलं आणि एक बाई बसल्या होत्या. परातीत वाळू, वाळूत बोटाने अक्षरं. रोज. एक मुलगी एका शब्दावर अडली आणि बाईंनी तो सांगितला नाही. नुसत्या थांबल्या. खूप वेळ. मग तिने तो स्वतः वाचला. मी बसमध्ये जाऊन रडलो आणि संघातल्या पोरांना सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

दुसऱ्या दिवशी शिक्षण मंडळाच्या कचेरीत गेलो. आपल्या घरासमोरचा रस्ता ही दोन शाळांमधली हद्द आहे ना, आणि आपली टपालपेटी पलीकडच्या कडेला, म्हणजे हार्लोच्या हद्दीत. मला खरंच वाटलं होतं की पत्ता म्हणजे पेटी. माझं टपाल तिकडे येतं, मग पोर का नाही, असं मी छाती फुगवून विचारलं. तिथली बाई आधी हसली, मग हळूच म्हणाली, “डॉयल, पेटी कुठेही रोव रे. पोर रात्री जिथे झोपते, तिथली शाळा.” बाहेरच्या मुलांसाठी जागा नाही म्हणाली. रस्त्यापलीकडे उभा कडा आहे, तिथे शेळीसुद्धा झोपणार नाही. हार्लोत आम्हा तिघांना परवडणारी एकच जागा मिळाली, ती तिसऱ्या मजल्यावर. आत्या आपल्या पोर्चच्या दोन पायऱ्यांवर थांबून श्वास घेते. ती म्हणते, मला सोडून जा. हे लिहिताना तिचा हात दुखत नाही.

दोन वर्षांपूर्वी तू आयव्हीला मागत होतीस आणि मी न्यायाधीशांना म्हणालो होतो, काहीही करा, पोरीची शाळा तोडू नका. तेवढ्या एका वाक्यावर ती माझ्याकडे राहिली.

तुझ्या घरापासून ती छोटी खोली दोन गल्ल्यांवर आहे. म्हणून हे पत्र. शाळेला सुट्टी लागली की ये आणि तिला घेऊन जा. हे वाक्य लिहायला आत्या तयार नव्हती, तिला तीनदा सांगावं लागलं. परवा, शुक्रवारी, रिकाम्या बसमध्ये मी आयव्हीला सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्या मागच्या सीटवर कुणाला बसवू नका हं, मिस्टर डॉयल.”

ती भिंतीकडे तोंड करून झोपते, पाय पांघरुणाबाहेर. झोपताना गोष्ट मागेल. एकच गोष्ट दोनदा वाचू नकोस, मार्ला, पाठ करून टाकेल. आणि अडली तर सांगू नकोस, थांब. मला ते जमलं नाही.

शेवटी ‘तुझाच’ असं आत्याने सवयीने लिहून टाकलंय. खोड म्हणणार होतो, पण राहू दे. नाव माझं मीच लिहितो. उलटं आलं तर आरसा धर.

तुझाच,
डॉयल