पोचा आलेलं पातेलं

१४ मार्च

प्रिय ताई,

मी ठणठणीत आहे, आई गुडघ्यांच्या तक्रारींसकट बरी आहे. तू पत्राला उत्तर देत नाहीस, म्हणजे मजेतच असणार असं धरून चालते.

माझ्या मातीकामाचं प्रदर्शन ठरलंय. गॅलरीवाल्या बाई म्हणाल्या, "घर दिसू दे, वारसा दिसू दे." आपला कसला डोंबलाचा वारसा! स्टीलची भांडी आणि कान तुटलेले कप. मग तेच मातीत घडवले. बाई खूश.

एकच घोटाळा झाला. दुधाचं पातेलं चाकावरून उतरवलं आणि काठाखाली अंगठ्याने पोचा पाडला. का, ते त्या अंगठ्यालाच विचार. काल बाईंना नेमका तोच आवडला. घरच्या पातेल्याला तो पोचा कसा आला होता, ते आपल्याला माहीत आहे. बाबांनी ते पातेलं आईच्या अंगावर फेकलं होतं.

लिहिलं एकदाचं. बाबा गेल्यावरही आपण तिघींनी हा विषय काढला नाही. आणि आज आई माझं काम बघायला येतेय! माती अजून ओली आहे, मोडून टाकू का? तिने माझ्याशी बोलणं टाकलं तर मला इथे दुसरं कोण आहे?

दार वाजलं. थांबते.

आई आत्ताच गेली. पातेल्यावर मी ओलं फडकं टाकलं होतं. तिने पहिल्यांदा ते फडकंच उचललं. "याला काय थंडी वाजते?" मग काठाखालच्या पोच्यावरून बोट फिरवून म्हणाली, "पोचा इथे नव्हता गं. खाली, बुडापाशी होता." आणि स्वतःच्या अंगठ्याने तिथे पोचा पाडला. "रोज घासायचे मी. मला माहीत नसेल?"

चपला घालताना तिने विचारलं, "आणि मोठीचा डबा कुठाय?"

"कुठला डबा?"

"तिला फेकून मारलेला. तू शाळेत होतीस. मीच तिला म्हटलं, कुणाला सांगू नकोस."

ताई, मला खरंच ठाऊक नव्हतं. तू घर सोडून गेलीस म्हणून मी इतकी वर्षं तुझ्यावरच रुसून बसले.

डब्यासाठी माती मळून ठेवलीय. पोचा कुठे होता ते कळव. सांगवत नसेल तर नको सांगूस, नुसती ये. आई वाट बघेल. तू येणार नाहीस, या धास्तीने माझा हात चालत नाही.

तुझी,
त्या दिवशी शाळेत असलेली
धाकटी