भिंतीकडे तोंड करून पाहिलेला सामना

रविवार, १५ फेब्रुवारी २००९

सकाळी दाढी केली. दुपारी वहिनीकडे जाऊन आलो. संध्याकाळी गाबिरच्या कहवाखान्यात. सफवतला जाऊन दोन आठवडे झाले. त्याची खुर्ची जागेवर आहे. गाबिरने तिच्यावर कोळशाची टोपली ठेवली होती, मी दिसताच उचलली. बाकी विशेष काही नाही. वारा होता.

परत येताना एक निश्चय केला. तेरा मार्चला सामना मी सांगणार.

दर वर्षी तेरा मार्चला गाबिरकडे तो सामना सांगितला जातो. १९८१ सालचा. आमच्या मेक्स वस्तीचा फनार क्लब आणि समोर कैरोवाले, कपची उपांत्यपूर्व फेरी, आम्ही दोन-एक. पद्धत अशी की सांगणाऱ्याने उभं राहायचं. ऐकणारा कुणीही मध्येच विचारू शकतो, कितव्या मिनिटाला, कुठल्या पायाने. सांगणारा अडखळला की त्याने बसायचं आणि दुसऱ्याने उठायचं. माझा भाऊ सफवत इतक्या वर्षांत एकदाही बसला नाही. आता थोरला नाही, म्हणजे धाकटा. यात वाद होण्यासारखं काही नाही.

मी कमी बोलतो. पण कमी बोलणाऱ्याचं लोक नीट ऐकतात.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

वाद आहे.

शौकी न्हाव्याला सामना सांगायचा आहे. मी माझा विचार बोलून दाखवला तर तो सगळ्यांसमोर म्हणाला, उस्ताद, तुम्ही त्या दिवशी भिंत पाहिलीत. भिंतीचं सांगा, आम्ही ऐकतो. किती विटा होत्या? लोक हसले. गाबिरही हसला, मग त्याला सफवत आठवला असावा, कारण एकदम खोकला.

त्या भिंतीला गिलावा होता. विटा दिसतच नव्हत्या. यावरून शौकीचं निरीक्षण कळतं.

खरं काय ते लिहून ठेवतो. त्या दिवशी एकाहत्तर मिनिटं होईपर्यंत आम्ही एका गोलने मागे होतो. सफवतने माझे खांदे धरले आणि म्हणाला, गाढवा, तू बघतोस म्हणून हे होतंय, फिर तिकडे. आम्ही शेवटच्या रांगेत होतो, मागे स्टँडची भिंत. मी फिरलो. तीन मिनिटांत पेनल्टी मिळाली आणि बरोबरी झाली. मी बघायला वळलो तर अख्खी रांग ओरडली, वळू नकोस रे पनवती! मग अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला नस्सारचा गोल झाला. तेव्हापासून आमचा क्लब खेळतो तेव्हा मैदानावर मी भिंतीकडे तोंड करतो आणि कहवाखान्यात टीव्हीवर सामना असला तर चहाच्या कट्ट्याकडे.

पनवतीवर माझा विश्वास नाही. मी पाणीपुरवठा खात्यात नोकरी केलेला माणूस आहे. पण क्लबचं विनाकारण नुकसान नको.

आणि मी सामने पाहिले नाहीत हे म्हणणं साफ चूक आहे. सफवत माझ्या शेजारी मैदानाकडे तोंड करून उभा राहायचा आणि सगळं सांगायचा. एक पास सोडायचा नाही. माझ्याइतक्या बारकाईने सामने पाहिलेला माणूस वस्तीत दुसरा नसेल.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मैदानावर गेलो. सफवतशिवाय पहिल्यांदाच. ठरवून गेलो होतो की आता मोठेपणी हा पोरखेळ पुरे, सरळ मैदानाकडे बघायचं. रांगेतल्या लोकांनी हात हातात घेऊन सांत्वन केलं. अल्ला त्याला जन्नत देवो, असा माणूस होणे नाही, असं म्हणाले. मग खांदे धरून मला भिंतीकडे फिरवलं.

मी तसाच उभा राहिलो. दुखवट्यात वाद बरा दिसत नाही.

पण कोणी काही सांगितलं नाही. पूर्ण सामनाभर नाही. लोक अरे अरे म्हणायचे, हाय हाय म्हणायचे, आणि मला समोर फक्त भिंत. एकदा शेजारच्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, थांबा उस्ताद, बघू दे. नंतर पुन्हा विचारलं तर म्हणाला, काही नाही. काही नाही कसं? चार हजार माणसं ओरडली.

शून्य-शून्य. हे बाहेर पडताना पाटीवर वाचलं.

भिंतीला पोपडे आले आहेत. क्लबने लक्ष घालायला हवं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

गाबिरशी बोललो. तो म्हणाला, तेरा तारखेचा कार्यक्रम या वर्षी सफवतच्या नावाने. मग तू सांगितलंस तर कोण नाही म्हणेल? पण नीट सांग हां, वहीद. लोक चहा सोडून ऐकायचे त्याचं.

म्हणजे ठरलं. रोज एक तास सराव करायचा. उद्यापासून.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सराव आजपासून सुरू केला. रविवारी घसा बसला होता. सोमवारी कोणीतरी ऐकलं असतं.

आरशासमोर जमत नाही. आरशात माणूस फारच जवळ दिसतो. म्हणून वहिनीकडे गेलो. इन्साफवहिनी वाल सोलत होत्या. म्हटलं, जरा ऐका, आणि उभा राहिलो. शेवटचा गोल सफवत सांगायचा अगदी तसाच सांगितला: उजवीकडून चेंडू आला, वाऱ्याने वर उचलला. नस्सारची पाठ गोलकडे. तो हवेत आडवा झाला, घरी पलंगावर पडावं तसा, सावकाश, आणि डावा पाय वर गेला. मग जाळी अशी फुगली की वाटलं मासळीसकट ओढून घेताहेत.

वहिनी हसल्या नाहीत. वाल सोलायचे थांबल्या. म्हणाल्या, भावोजी, तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही का कधी? त्यांनी तो गोल पाहिलाच नव्हता.

मी म्हटलं, काय बोलता?

त्या म्हणाल्या, अहो तुम्ही सारखी मान वळवत होता म्हणे, कोंबडीसारखी. ते दोन्ही हातांनी तुमची मान धरून भिंतीकडे बघत उभे. आरडाओरडा झाला तेव्हा वळून पाहिलं तर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेले. घरी परतताना तुम्ही वाटभर विचारत राहिलात, कसा झाला, कसा झाला? मग काय करणार बिचारे. रचलं काहीतरी. दुसऱ्या दिवशी गाबिरकडे तेच सांगितलं आणि कुणी नाही म्हटलं नाही.

वाल सोलून दिले आणि परत आलो.

वहिनी दुःखात आहेत. त्यातून त्यांना फुटबॉल कळत नाही. एकदा त्यांनी कॉर्नर म्हणजे काय असं विचारलं होतं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सकाळी कबरीवर. वहिनींनी वाटायला गोड पाव दिले होते, ते वाटले. सफवतला काही विचारावं असं मनात होतं. पण शेजारच्या कबरीवर माणसं होती.

मंगळवार, ३ मार्च

चौकशी पूर्ण केली. वहिनींवर अविश्वास म्हणून नाही, फक्त नोंद राहावी म्हणून. त्या दिवशी मैदानावर असलेल्या लोकांना एकेकटं गाठून विचारलं, नस्सारचा गोल कसा झाला?

फळवाला म्हणाला, हवेत आडवा झाला, घरी पलंगावर पडावं तसा. होड्या दुरुस्त करणारा म्हातारा म्हणाला, पलंगावर पडावं तसा. हाजी बसयूनी तर डोळे मिटून म्हणाला, पलंगावर रे पलंगावर, आणि जाळी मासळीसकट! हाजी त्या वर्षी लिबियात होता हे नंतर लक्षात आलं, पण त्याच्याही स्मरणात सामना तसाच आहे. शौकीला विचारणार नव्हतो. दाढी करताना त्यानेच सांगितलं. तो म्हणाला, खरं सांगू का उस्ताद, शेवटी मी डोळ्यांवर टोपी ओढली होती. ताण सहन होईना. पण मला सगळं माहीत आहे. पलंगावर पडावं तसा.

इतकी माणसं, आणि शब्दाला शब्द जुळतो. एवढा भक्कम पुरावा आमच्या खात्यात कधी मिळाला नाही. सफवतने गोल पाहिला होता. प्रश्न मिटला.

नस्सारला विचारलं असतं, पण तो ग्रीसला गेला तो गेलाच.

मंगळवार, १० मार्च

सराव फारसा झालेला नाही. नळ गळत होता. तीन दिवस त्यात गेले.

खरी अडचण आवाजाची आहे. शब्द मला तोंडपाठ आहेत, पण माझ्या तोंडून येतात तेव्हा ते खात्याच्या नोटिशीसारखे येतात. सफवत नस्सार म्हणायचा तेव्हा नस्सार धावायला लागायचा. मी नस्सार म्हणतो तेव्हा तो हजेरी देतो.

घशासाठी बडीशेपेचा काढा सुरू केला आहे. त्याने फरक पडेल.

गुरुवार, १२ मार्च

कोट इस्त्री केला. मला खात्री आहे की एकदा उभा राहिलो की सगळं आपोआप येईल. अशा वेळी भाऊ भावाच्या पाठीशी उभा राहतो.

काढा दोनदा घेतला.

शुक्रवार, १३ मार्च

कहवाखाना भरला होता. लोक दारापर्यंत उभे. गाबिरने सफवतच्या खुर्चीवर त्याचा फोटो ठेवला होता आणि सगळ्यांना बिनसाखरेची कॉफी दिली, मयताला देतात तशी. मला पुढे बोलावलं. मी उभा राहिलो.

मी म्हणालो, त्या दिवशी वारा समुद्राकडून होता.

शौकी म्हणाला, मेक्सला वारा आणखी कुठून येणार उस्ताद? पुढे चला.

मी पुढचं वाक्य मनात जुळवत होतो. तेवढ्यात मागून कोणीतरी सफवतचं पुढचं वाक्य म्हटलं. बहुधा मला मदत म्हणून. त्याच्या पुढचं फळवाल्याने म्हटलं. मग हाजी उठला, शौकी उठला, आणि सगळा कहवाखानाच सामना सांगायला लागला. कोणी अडखळलं नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. एकाहत्तरावं मिनिट आलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं, गाढवा, फिर तिकडे! आणि खूप हसले. मीही हसलो. पेनल्टीपाशी सफवत घोटभर पाणी प्यायला थांबायचा, तिथे सगळे थांबले. पलंगावर पडावं तसा हे तर इतक्या जोरात झालं की कपाटातले पेले वाजले. फळवाला रडत होता.

मी या पूर्ण वेळात उभा होतो. शेवटी टाळ्या झाल्या. गाबिर म्हणाला, छान झालं वहीद, तो असता तर खूश झाला असता. बस आता.

एकंदर कार्यक्रम चांगला पार पडला. मी एक वाक्य बोललो. त्यात चूक नव्हती.

शनिवार, १४ मार्च

दिवसभर विचार केला. सफवत गेल्यापासून मी त्याचीच वाक्यं घोकतो आहे. ती तर सगळ्यांनाच येतात. त्यात माझं असं काही नाही. अडचण हुशारीची नाही, अनुभवाची आहे. एक सामना समोरून पाहिला पाहिजे. मग सांगायला माझे स्वतःचे शब्द येतील, आणि मी सफवतचा भाऊ आहे हे ऐकणाऱ्याला सांगावं लागणार नाही.

पुढच्या शुक्रवारी समुद्राच्या बाजूच्या स्टँडमध्ये बसायचं. तिकडे मला कोणी ओळखत नाही.

शुक्रवार, २० मार्च

गेलो. शेवटपर्यंत मैदानाकडे तोंड करून बसलो.

मैदान मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे. खेळाडू बराच वेळ नुसते उभे असतात. चेंडू पुष्कळदा बाहेर जातो. सफवतच्या सामन्यांत तो क्वचितच बाहेर जायचा. आमच्या बॅकचे मोजे सारखे खाली येत होते आणि तो ते वर ओढत होता. हे सफवतने कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला. आमचा. कॉर्नरवरून चेंडू आला, त्यांच्याच माणसाच्या मांडीला लागला, आमच्या कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि खांबाजवळून घरंगळत आत गेला. मी बघत होतो. मी बघत असताना गोल झाला. आजूबाजूचे लोक उड्या मारत होते आणि मी विचार करत होतो, मग इतकी वर्षं ती भिंत कशासाठी?

शेजारचा माणूस वाऱ्याला पाठ करून, कोटात तोंड घालून सिगरेट पेटवत होता. त्याने काडी फेकली, माझा दंड धरला आणि म्हणाला, काय झालं हो? मी पाहिलंच नाही! सांगा ना!

मी म्हणालो, गोल झाला.

तो म्हणाला, ते कळलं हो, पण कसा झाला?

मी म्हणालो, आत गेला.

त्याने थोडी वाट पाहिली. डोळे माझ्या तोंडावर. मग दुसरीकडे वळून पलीकडच्याला विचारलं. पलीकडच्याने हात नाचवत सांगायला सुरुवात केली. चांगलं सांगत होता. गुडघ्याचं त्याने सांगितलं नाही.

आम्ही एक-शून्य जिंकलो.

समुद्राच्या दाराने बाहेर पडलो आणि बाजारातून घरी आलो. खोलीत बसून एकदा मोठ्याने सांगून पाहिलं. कॉर्नर झाला, मग गोल झाला. यापुढे काही येईना. गाबिरकडे गेलो नाही.

संत्रं सोललं आणि खाल्लं.